नॉमिनी दादा, अडून बसलेला भाडेकरू आणि 36 भागांचा फ्लॅट

नावं देत नाहीये आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, पण कोण कधी गेलं आणि कोणाचं कोणाशी काय नातं हे जसंच्या तसं ठेवलंय, कारण या प्रकरणात सगळा खेळ त्यावरच होता.

पुण्याच्या उपनगरातली जुनी सोसायटी, टू बीएचके फ्लॅट. वडिलांनी 1994 मध्ये घेतला, स्वतःच्या पगारातून आणि हौसिंग लोन काढून, करारनामा एकट्या वडिलांच्या नावावर, शेअर सर्टिफिकेटही त्यांच्याच नावावर. तीन मुलं. थोरला, मधली बहीण, धाकटा भाऊ. 2003 मध्ये सोसायटीने सगळ्या मेंबरांकडून नॉमिनेशनचे फॉर्म भरून घेतले तेव्हा वडिलांनी थोरल्याचं नाव टाकलं, शंभर टक्के. का टाकलं? बहीण म्हणते सेक्रेटरी फॉर्म घेऊन दारात उभा होता आणि तेव्हा घरात दादाच होता. इतकं साधं कारण असतं बहुतेक वेळा, पण पंधरा वीस वर्षांनी त्याच कागदाला लोक मृत्युपत्राचं वजन द्यायला लागतात.

2017 ला वडील गेले, मृत्युपत्र नाही. 2018 ला सोसायटीने नॉमिनेशन बघून शेअर सर्टिफिकेट थोरल्याच्या नावावर केलं. 2020 ला धाकटा गेला, मागे बायको आणि एक मुलगी. 2022 ला आई गेली, तिचंही मृत्युपत्र नाही. आई असेपर्यंत कोणी हिश्श्याचा विषयच काढला नाही, ती राहत होती तिथे आणि बास. ती गेल्यावर थोरल्याने महिन्याभरात रंग काढून फ्लॅट भाड्याने दिला, महिना 18,000, डिपॉझिट 60,000, पहिला लिव्ह अँड लायसन्स 11 महिन्यांचा रजिस्टर केलेला, लायसन्सर म्हणून एकट्या थोरल्याचं नाव. अकरा महिने संपल्यावर एजंटने सांगितलं कशाला परत खर्च करताय नोटरी करून घेऊ, तर नुसती नोटरी केली, आणि तीही संपल्यावर काहीच केलं नाही, तोंडी चालू.

2024 मध्ये थोरल्याने फ्लॅट विकायला काढला. गिऱ्हाईक मिळालं, टोकन घेतलं. गिऱ्हाइकाला बँकेचं लोन हवं होतं आणि बँकेच्या वकिलाने सर्च रिपोर्टमध्ये लिहिलं की मूळ खरेदीदार मयत आहेत, सोसायटीने नॉमिनीच्या नावाने हस्तांतर केलंय, बाकीच्या वारसांचं हक्कसोडपत्र किंवा संमती जोडा नाहीतर टायटल क्लिअर म्हणता येणार नाही. मग थोरल्याने बहिणीला फोन केला की अगं फॉर्मॅलिटी आहे, एका कागदावर सही लागते, रविवारी येतेस का. धाकट्याच्या बायकोलाही तेच. बहीण तो कागद घेऊन सल्ल्यासाठी आमच्याकडे आली. म्हणजे प्रकरण आमच्यापर्यंत आलं ते हक्कसोडपत्राच्या ड्राफ्टमुळे, भाडेकरूची भानगड नंतर कळली.

थोरल्याची बाजू आधी मांडतो कारण तो काही खलनायक नव्हता. त्याचं म्हणणं, बाबांनी मला नॉमिनी केलं, फॉर्मवर दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत, सोसायटीने ते मान्य करून सर्टिफिकेट माझ्या नावावर दिलं, घरपट्टी माझ्या नावाने येते, शेवटच्या पाच वर्षांचे लोनचे हप्ते मी भरले, आईचं हॉस्पिटल मी केलं. यातली प्रत्येक गोष्ट खरी होती. आणि यातल्या एकानेही तो एकटा मालक होत नव्हता.

नॉमिनीचं आधी घेऊ. नॉमिनी म्हणजे मेंबर गेल्यावर सोसायटीने व्यवहार कोणाशी करायचा, मेंटेनन्सचं बिल कोणाला पाठवायचं, याची सोय. तो वारसांच्या वतीने सांभाळणारा. सुप्रीम कोर्टाने 1983 मध्ये विम्याच्या पॉलिसीबाबत हे सांगितलं, 2016 मध्ये एका सहकारी सोसायटीच्या प्रकरणात सांगितलं की सोसायटीने नॉमिनेशन पाळून नॉमिनीच्या नावावर करावं पण वारसांचा मालकीचा दावा त्याने मरत नाही, आणि डिसेंबर 2023 मध्ये कंपनीच्या शेअर्सच्या प्रकरणात परत ठणकावलं की नॉमिनेशन हा वारसाहक्काचा वेगळा मार्ग नाही. महाराष्ट्रात तर 2019 च्या दुरुस्तीनंतर सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरणच आलंय आणि त्यातल्या 154बी-13 कलमात सरळ लिहिलंय की खरे वारस मेंबर होईपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सदस्य म्हणून घ्यायचं. थोरल्याचं हस्तांतर 2018 चं, या दुरुस्तीच्या आधीचं, म्हणून त्याच्या सर्टिफिकेटवर तात्पुरता वगैरे काही शब्द नव्हता, आणि तो तेच दाखवत होता. पण मालकी कोणाची हे ठरवायचा अधिकार सोसायटीच्या कमिटीला आधीही नव्हता आणि आताही नाही, रजिस्ट्रारलाही नाही, ते काम दिवाणी कोर्टाचं.

दोन साक्षीदारांचा मुद्दा बऱ्याच घरांत येतो. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात हे लोकांना माहीत असतं, नॉमिनेशन फॉर्मवरही दोन साक्षीदार असतात, मग झालं की मृत्युपत्र. नाही होत. त्या फॉर्ममध्ये माझ्या पश्चात ही मालमत्ता अमक्याच्या मालकीची व्हावी अशी इच्छाच कुठे नसते. वडिलांना खरंच सगळं थोरल्याला द्यायचं असतं तर साध्या कागदावर मृत्युपत्र करता आलं असतं, फ्लॅट त्यांच्या स्वकमाईचा होता, कोणी अडवलं नसतं, रजिस्टर करायचीही सक्ती नाही. त्यांनी केलं नाही. घरपट्टीवरचं नाव म्हणजे कर कोणाकडून वसूल करायचा याची नोंद, आणि बापाच्या लोनचे हप्ते मुलाने भरले म्हणून मालकी आपोआप सरकत नाही, तेव्हा काही वेगळं ठरलं होतं असा कागद हवा, तो नव्हता.

बहिणीच्या बाजूनेही एक गैरसमज होता आणि तो मला रोज ऐकायला मिळतो. ती म्हणाली 2005 च्या कायद्याने मुलींना हक्क मिळाला ना, मग माझं लग्न तर 2001 ला झालं, मला मिळेल का? तर हिंदू वारसा कायद्यातली 2005 ची दुरुस्ती आणि त्यावरचा 2020 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल हे वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मापासून हिस्सा देण्याबद्दल आहेत. हा फ्लॅट वडिलांनी स्वतः घेतलेला. अशा मिळकतीत मृत्युपत्र नसेल तर मुलगी 1956 पासूनच पहिल्या वर्गाची वारस आहे, लग्न झालेलं असो नसो. 2005 ने इथे एवढंच केलं की राहत्या घराची वाटणी पुरुष वारसांनी काढल्याशिवाय मुलीला मागता येणार नाही असं जे 23 वं कलम होतं ते गेलं. म्हणजे तिला दुरुस्तीचा आधार शोधायची गरजच नव्हती.

आता हिस्से. सगळे, अगदी बहिणीसकट, धरून चालले होते की तीन मुलं म्हणजे तीन सारखे भाग, धाकट्याचा भाग त्याच्या बायकोमुलीला. ऐकायला बरोबर वाटतं. पण तीन माणसं वेगवेगळ्या वेळी गेलीत आणि प्रत्येक मृत्यूच्या दिवशी कोण हयात होतं त्यावर हिस्सा ठरतो, म्हणून एकेक मृत्यू घेऊन जावं लागतं.

वडील गेले 2017 ला. तेव्हा हयात बायको, दोन मुलगे, मुलगी. हिंदू वारसा कायद्याने चौघांना सारखा, प्रत्येकी 1/4. आईचा हिस्सा लोक विसरतात, त्यांच्या डोक्यात आई म्हणजे राहणारी, मालक नाही. ती पूर्ण मालक होती तिच्या पाव भागाची.

धाकटा गेला 2020 ला. त्याचा 1/4 कोणाकडे? बापाकडून असा आलेला हिस्सा त्याची स्वतःची मिळकत समजली जाते, आणि पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत बायको आणि मुलगी तर आहेतच, पण आईसुद्धा आहे. म्हणून त्याच्या पावाचे तीन भाग, बायको 1/12, मुलगी 1/12, आई 1/12. मुलाचं निधन झालं की आईलाही वाटा जातो हे सांगितलं की समोरचे दोन मिनिटं गप्प बसतात. आईकडे आता 1/4 अधिक 1/12, म्हणजे 1/3 झाला.

आई गेली 2022 ला. बाईच्या मिळकतीला वेगळं कलम आहे, 15 वं. तिथे पहिले वारस मुलगे, मुली, आधीच गेलेल्या मुलामुलीची मुलं, आणि नवरा. नवरा आधीच गेलेला. म्हणजे थोरला, बहीण आणि धाकट्याची मुलगी, तिच्या बापाच्या जागी. सून या यादीत नाही. सासऱ्याच्या आधी मुलगा गेला असता तर सासऱ्याच्या वारसांत विधवा सून आली असती, पण सासूच्या वारसांत ती येत नाही, हा फरक कायद्यातच आहे आणि मला विचाराल तर तो पटण्यासारखा नाही, पण आहे. तर आईच्या 1/3 चे तीन भाग, प्रत्येकी 1/9.

बेरीज 36 भागांत केली की स्वच्छ दिसते. थोरला 9 अधिक 4, 13 भाग. बहीण 13. धाकट्याची मुलगी 3 अधिक 4, 7 भाग. धाकट्याची बायको 3 भाग. एकूण 36. म्हणजे धाकट्याच्या घराकडे 12 नाही, 10 भाग आले, कारण त्याच्या पावातून जो वाटा आईकडे गेला तो आई गेल्यावर तीन ठिकाणी फुटला. आणि त्या 10 मधले 7 एका 13 वर्षांच्या मुलीचे. हे गणित कागदावर मांडल्यावर प्रकरणाचा तोंडवळाच बदलला, कारण तोपर्यंत भांडण दादा विरुद्ध ताई असं चाललं होतं आणि सगळ्यात नाजूक हिस्सा जिचा होता तिच्याबद्दल कोणी बोलतच नव्हतं.

ड्राफ्टमध्ये ती होती मात्र, एका ओळीत. हक्कसोडपत्राच्या दुसऱ्या पानावर लिहून देणारांच्या नावांत धाकट्याच्या बायकोचं नाव आणि त्याखाली, कुमारी अमुक, अज्ञान, अ.पा.क. आई. अज्ञान म्हणजे अठराच्या आतली, तिची पालनकर्ती म्हणून आईने मुलीच्या वतीनेही विनामोबदला हक्क सोडायचा. टायपिस्टने नेहमीच्या साच्यातून उतरवलेला मजकूर, राजीखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय, सगळं आपलं नेहमीचं. आता हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा 1956 चं 8 वं कलम सांगतं की अज्ञान मुलाची स्थावर मिळकत विकणं, गहाण ठेवणं, बक्षीस देणं यासाठी आईवडिलांनाही आधी कोर्टाची परवानगी लागते, आणि परवानगी देताना कोर्ट बघतं की यात मुलाची गरज किंवा उघड फायदा आहे का. फुकटात हक्क सोडण्यात मुलीचा काय फायदा? कुठलं कोर्ट परवानगी देणार? आणि परवानगीशिवाय केलं तर ती मुलगी 18 ची झाल्यावर तीन वर्षांत तो दस्त रद्द करून मागू शकते. म्हणजे थोरल्याने हा दस्त करून फ्लॅट विकला असता तर घेणाऱ्याच्या डोक्यावर पुढची आठ वर्षं टांगती तलवार. थोरल्याला सगळ्यात जास्त धक्का या मुद्द्याने बसला. बहीण कोर्टात जाईल ही धमकी त्याने आधीच पचवली होती, पण पुतणी मोठी होऊन कोर्टात जाऊ शकते हे त्याच्या डोक्यातच नव्हतं.

बहिणीने सही केली असती तर? तिच्यासाठी परतीचा रस्ता फार अरुंद. रजिस्टर झालेलं हक्कसोडपत्र नंतर मला समजलं नव्हतं म्हणून सुटत नाही, फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो, तोही मुदतीत. वारसाहक्काच्या मिळकतीत भावाबहिणीत विनामोबदला हक्कसोडीला मुद्रांक शुल्क नाममात्र असतं, म्हणून एजंट लोक बक्षीसपत्राऐवजी हाच दस्त सुचवतात, कारण भावाबहिणीत बक्षीसपत्र केलं तर टक्केवारीने ड्युटी बसते. स्वस्त पडतो म्हणून पटकन होतो. पटकन होतो म्हणून वाचलाही जात नाही.

आता भाडेकरू. हा गडी एव्हाना हुशार झाला होता. घरात भांडण आहे हे त्याला कळलं, बहुधा सोसायटीच्या वॉचमनकडून, आणि त्याने पाच महिने भाडं थांबवलं. म्हणाला मालक कोण ते आधी ठरवा, मी चुकीच्या माणसाला पैसे देऊन अडकणार नाही. वर आणखी, भाडं 12,000 च ठरलं होतं, 18,000 नाही.

पहिला बहाणा टिकत नाही. ज्याच्याकडून घरात शिरलात, ज्याला दोन वर्षं भाडं दिलंत, त्याला तुम्ही तू मालकच नाहीस असं ताब्यात असेपर्यंत म्हणू शकत नाही, पुराव्याच्या कायद्यातच तशी बंदी आहे. आणि एक सहमालक सगळ्यांच्या वतीने घर रिकामं करून मागू शकतो, बाकीच्यांचा विरोध नसेल तर सगळ्यांनी सह्या करायची गरज नसते. दुसरा बहाणा मात्र हलका नव्हता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या 55 व्या कलमाने भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, लेखी आणि रजिस्टर असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची. 11 महिन्यांचा असला की रजिस्टर लागत नाही ही समजूत इतर राज्यांतून आलेली असेल, इथे चालत नाही. करार रजिस्टर नसेल तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड. नोटरीचे दोनचारशे रुपये घेऊन एजंट मोकळा झाला आणि थोरला इथे अडकला.

उलट सिद्ध होईपर्यंत, हे शब्द उपयोगी पडले. थोरल्याने बँकेचं स्टेटमेंट काढलं, दर महिन्याच्या पाच सहा तारखेला यूपीआयने 18,000 आलेले, आणि एका नोंदीपुढे भाडेकरूने स्वतः टाईप केलेलं, रेंट मार्च. ते बघितल्यावर 12,000 ची गोष्ट संपली. मग त्याला लेखी नोटीस गेली, तिन्ही बाजूंच्या सह्यांची, थोरला, बहीण आणि धाकट्याची बायको स्वतःसाठी व मुलीची पालक म्हणून. त्यात भाडे नियंत्रण कायद्याच्या 24 व्या कलमाचा उल्लेख केला. लायसन्सची मुदत संपल्यावर राहण्यासाठी दिलेली जागा सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, नेहमीच्या दिवाणी दाव्याच्या मानाने ही वाट बरीच लवकर संपते, समन्स आल्यावर 30 दिवसांत बचावाची परवानगी त्यालाच मागावी लागते, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई. मूळ लायसन्सर मेला असेल तरी त्याचे वारस हा अर्ज करू शकतात हेही त्याच कलमात आहे, इथे गरज पडली नाही, पण अनेकांना माहीत नसतं म्हणून सांगितलं.

खरं सांगायचं तर नोटरीच्या कराराच्या काळावरून तिथे वाद झाला असता, पहिला रजिस्टर करार केव्हाच संपला होता आणि नंतर तुम्हीच राहू दिलंत असं तो म्हणाला असता. म्हणून ताणलं नाही. पाच महिन्यांचे 90,000 थकलेले, डिपॉझिट 60,000 वळतं करून घ्यायचं, वरचे 30,000 सोडायचे, पंधरा दिवसांत चावी. भाडेकरूने ते लगेच घेतलं. थोरला चिडला होता की 30,000 फुकट गेले. गेले. पण तीन मालकांच्या सह्या एका कागदावर आल्या त्या पहिल्यांदा याच नोटिशीवर, आणि त्यानंतरच घरातलं बोलणं सुरू झालं, नाहीतर तोपर्यंत सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवणं चाललं होतं.

मग भाड्याचा हिशोब. थोरल्याला वाटत होतं भाडं माझं, मी सांभाळलं. सहमालकाने मिळकत भाड्याने दिली तर आलेलं उत्पन्न सगळ्यांचं, त्यातून केलेला खर्च वजा. मेंटेनन्स, घरपट्टी, रंग, गीझर, ब्रोकरेज सगळं धरलं. सोसायटीने लावलेले नॉन ऑक्युपन्सी चार्जेसही, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारे, धरले, तिथे एक गंमत सापडली की सोसायटी मेंटेनन्सच्या पूर्ण रकमेवर हे चार्जेस लावत होती, जेव्हा 2001 च्या शासन आदेशाने ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांच्या वर घेता येत नाहीत आणि महापालिकेचे कर त्यात धरायचे नाहीत. ते जास्तीचे पुढच्या बिलांत वळते करायला लावले. वजावट जाऊन हातात राहिले 3,60,000, आकडा थोडा गोल केलाय इथे. म्हणजे एका भागाला 10,000. बहिणीचे 1,30,000, पुतणीचे 70,000, तिच्या आईचे 30,000.

थोरला म्हणाला मग आईचं हॉस्पिटलही वजा करा. तीन लाखांच्या आसपास बिलं होती, खरी होती. पण आईवर केलेला खर्च हा फ्लॅटच्या उत्पन्नातून वळता होत नाही, मुलाची ती जबाबदारीच आहे, आणि मुलीचीही. ते शेवटचं बहिणीने स्वतःच म्हटलं, की बिलाचा अर्धा भार मी उचलते दादा, पण तो वेगळा, फ्लॅटच्या हिशोबात मिसळायचा नाही आणि पोरीच्या पैशातून तर एक रुपया नाही. मला वाटतं प्रकरण मिटलं ते या वाक्याला.

आता मोठा प्रश्न, फ्लॅटचं करायचं काय. थोरल्याला पैसे हवे होते, त्याने दुसरीकडे बुकिंग केलेलं होतं. धाकट्याची बायको मुलीला घेऊन भाड्याने राहत होती, स्वतः मालक असलेलं घर बंद पडलेलं आणि ही दुसऱ्याला भाडं भरतेय. बहिणीला घर नको होतं पण विकायलाही नको होतं. सगळा फ्लॅट बाहेरच्याला विकायचा तर मुलीच्या 7 भागांसाठी जिल्हा न्यायालयाची परवानगी, ती मिळते, पण वेळ जातो आणि मुलीचे पैसे बहुतेक वेळा कोर्ट बँकेत मुदत ठेवीत ठेवायला लावतं. थोरल्याने एकट्याचे 13 भाग बाहेरच्याला विकायचे म्हटले तर कायद्याने विकता येतात, पण घेणारा कोण येणार? राहत्या घराचा अविभक्त हिस्सा घेणाऱ्या परक्याला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 44 व्या कलमाने घरच्यांबरोबर येऊन राहता येत नाही, त्याला वाटणीचा दावाच लावावा लागतो, आणि लावला की 1893 च्या वाटणी कायद्याने घरचे त्याचा हिस्सा कोर्ट ठरवेल त्या किमतीला उचलू शकतात. शिवाय वारसा कायद्याच्या 22 व्या कलमाने वडिलांकडून आलेल्या हिश्श्यावर बाकीच्या वारसांना आधी विकत घ्यायचा हक्क. म्हणून असले हिस्से कवडीमोलाने मागणारे लोकच फिरतात बाजारात.

वाटणीचा दावा बहीणही लावू शकली असती. टू बीएचके फ्लॅटचे 36 तुकडे होत नाहीत, मग कोर्ट विक्रीचा किंवा एकाने दुसऱ्याला किंमत देण्याचा रस्ता काढतं, पण आधी प्राथमिक हुकूमनामा, मग कमिशनर, मग अंतिम, मध्ये अपिलं. बहिणीने पहिल्याच भेटीत विचारलं होतं किती वर्षं. मी खरं ते सांगितलं आणि तिने तो विषय परत काढला नाही.

जे केलं ते असं. सरकारमान्य मूल्यांकनकाराकडून किंमत काढली, 54 लाख, म्हणजे एका भागाला दीड लाख. बहिणीने थोरल्याचे 13 भाग 19,50,000 ला विकत घेतले. त्यात भाड्याचे 1,30,000 थोरल्याकडून येणे ते वळते केले, पुतणीचे 70,000 थोरल्याने तिच्या नावाच्या अज्ञान खात्यात भरले आणि 30,000 तिच्या आईच्या. हक्कसोड नाही, सरळ खरेदीखत, कारण मोबदला होता, आणि मोबदला घेऊन केलेल्या हक्कसोडीला पण खरेदीखताइतकीच ड्युटी लागते, मग नाव बदलून फायदा काय. टोकन घेतलेल्या गिऱ्हाइकाचे पैसे थोरल्याने परत केले. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुलीच्या 7 भागांना कोणी हातच लावला नाही. तिच्या हिश्श्याचा ना विक्री ना सोड ना गहाण, म्हणून कोर्टाच्या परवानगीचा प्रश्नच आला नाही आणि महिनोन्महिने वाचले. बाकी सगळी रचना आम्ही त्या एका मुद्द्याभोवती बसवली होती.

खरेदीखताच्या आधी वारस दाखला काढून घेतला, दिवाणी कोर्टातून, 1827 च्या मुंबई रेग्युलेशनखाली, तिन्ही मृत्यूंचा वेगवेगळा. हो, 1827, तो कायदा अजून चालतो. लोक सक्सेशन सर्टिफिकेट आणि वारस दाखला यात गोंधळ करतात, पहिलं बँकेतल्या ठेवी, शेअर्स, येणी यांसाठी, स्थावर मिळकतीला दुसरा. कोणाची हरकत नव्हती, जाहीर नोटीस झाली, दाखले मिळाले, आणि ते जोडल्यावर सोसायटीकडे बोट दाखवायला काही उरलं नाही. वारसांच्या नावावर करताना सोसायटी हस्तांतराचा प्रीमियम मागू शकत नाही, इथल्या कमिटीने आधी मागितला होता, उपविधी दाखवल्यावर गप्प बसली. बहिणीने विकत घेतलेल्या भागावरही मागून बघितला, तोही सोडला.

धाकट्याची बायको आणि मुलगी आता त्या फ्लॅटमध्ये राहतात. भाडेकरू म्हणून नाही, सहमालक म्हणून, आणि हे कागदावर लिहून घेतलंय कारण बहीण 26 भागांची मालक आणि राहणाऱ्या दोघींचे मिळून 10, उद्या कोणी म्हणायला नको की तू कोणाच्या परवानगीने राहतेस. मुलगी 18 ची होईपर्यंत बहीण भाडं किंवा भरपाई मागणार नाही, मेंटेनन्स राहणारी भरणार, घरपट्टी आणि मोठी दुरुस्ती 36 भागांच्या हिशोबाने. बहिणीच्या नवऱ्याला हे फार उदार वाटलं, मलाही सुरुवातीला वाटलं, पण तिची भाची आहे आणि तिचा निर्णय आहे.

शेअर सर्टिफिकेटवर तीन नावं, आधी बहीण, मग धाकट्याची बायको, मग मुलगी अ.पा.क. आई. सहकार कायद्याने मत पहिल्या नावाचं, ती हजर नसेल तर दुसऱ्या नावाचं, अज्ञानाला मत नाही. बहीण मीटिंगला येत नाही म्हणून मतदान धाकट्याची बायकोच करते. सोसायटीत सध्या रीडेव्हलपमेंटचं बोलणं सुरू झालंय, दोन बिल्डर येऊन प्रेझेंटेशन देऊन गेले. मुलगी आता 14 ची. करार तिच्या अठराव्या वाढदिवसाच्या आधी आला तर तिच्या वतीने सही करताना 8 व्या कलमाची परवानगी परत समोर येणार, बिल्डरचा वकील ती मागणारच, म्हणून तिच्या आईला जन्मदाखला, तिन्ही वारस दाखले आणि मूल्यांकनाचा रिपोर्ट एका फाइलमध्ये लावून ठेवायला सांगितलंय आणि ठराव झाला की त्याच आठवड्यात अर्ज टाकायचा असं ठरलंय.